नेटवर्क बॅकअपची मॉड्यूल्स आणि लायसन्स: या चुका टाळा

एका ठिकाणी दोन वर्षं रोज सकाळी बॅकअपचा ‘जॉब यशस्वी’ असा मेल येत होता. मग हिशेबाच्या सर्व्हरची डिस्क गेली आणि मला बोलावणं आलं. बॅकअप उघडला. त्यात वर्डच्या फाइल्स होत्या, एक्सेल होत्या, कुणाच्या तरी वाढदिवसाचे फोटोसुद्धा होते. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो डेटाबेस तेवढा नव्हता. जॉबचा लॉग तळापर्यंत नेला तेव्हा एमडीएफ आणि एलडीएफ (म्हणजे डेटाबेसच्याच) फाइल्स वगळल्याची नोंद सापडली. आदल्या रात्रीच्या लॉगमध्येही तीच, त्याच्या आदल्या रात्रीच्याही.

सॉफ्टवेअरचा दोष नव्हता. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेससाठीचं मॉड्यूल (वेगळा विकत घ्यायचा जोडभाग) घेतलंच नव्हतं आणि ते नसेल तर साधा फाइल एजंट (मशीनवर बसून फाइल्स उचलणारा प्रोग्राम) चालू डेटाबेसच्या फाइल्स सोडून देतो, हे सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं. कोटेशनची रक्कम खाली आणताना कुणीतरी ती एक ओळ काढून टाकली होती. खरं तर आकड्यांकडे बघितलं असतं तरी कळलं असतं: एकटा डेटाबेसच ६० जीबीचा आणि रोजचा पूर्ण बॅकअप ३८ जीबीचा. म्हणून आता मी कुठेही गेलो की आधी हीच तुलना करतो. डिस्कवर भरलेली जागा किती आणि जॉबने उचललेला डेटा किती? कॉम्प्रेशनमुळे साठवलेला आकडा लहान दिसतो, त्यामुळे ‘वाचलेला डेटा’ हा रकाना बघायचा.

कोटेशन शेवटाकडून वाचा

मॉड्यूलर सॉफ्टवेअरमध्ये मूळ बॅकअप सर्व्हरचं लायसन्स वेगळं, प्रत्येक मशीनवरचा एजंट वेगळा आणि डेटाबेस, मेल, टेप लायब्ररी, संपूर्ण मशीन परत उभं करणं या सगळ्यांची मॉड्यूल्स वेगळी असतात. लागेल तेवढंच घ्या, ही कल्पना चांगलीच आहे. अडचण अशी की ‘लागेल तेवढं’ हे आपण बॅकअप डोळ्यांसमोर ठेवून ठरवतो, आणि मॉड्यूलची खरी गरज रिस्टोअरच्या वेळी पडते.

त्यामुळे यादी करताना ‘कोणती मशीन्स आहेत’ इथून सुरुवात करू नका. प्रत्येक सिस्टीमपुढे एक ओळ लिहा: ही गेली तर नेमकं काय परत हवं? एक फाइल, एकाच माणसाच्या मेलबॉक्समधला एक मेल, दुपारी तीनपर्यंतचा डेटाबेस, की दुसऱ्या हार्डवेअरवर अख्खं मशीन? या चार उत्तरांची मॉड्यूल्स बहुतेक ठिकाणी वेगवेगळी असतात. अख्ख्या व्हर्च्युअल मशीनचा (खऱ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाचा) बॅकअप असला म्हणजे त्यातला एक मेल सुटा काढता येईलच असं नाही.

उलट बाजूची चूकही होते, म्हणजे नको ती मॉड्यूल्स घेतली जातात. उघड्या फाइल्सचा बॅकअप घेण्यासाठी एकेकाळी वेगळं मॉड्यूल लागायचं. विंडोजमध्ये सर्व्हर २००३ पासून व्हॉल्यूम शॅडो कॉपी (उघड्या फाइल्सची त्या क्षणाची प्रत काढणारी) सेवा अंगभूत आहे, त्यामुळे त्या कामासाठी आज कुणी वेगळे पैसे मागत असेल तर कशाचे, ते विचारा. सगळे सर्व्हर व्हर्च्युअल असतील आणि बॅकअप होस्टकडून (ती मशीन्स ज्या खऱ्या सर्व्हरवर चालतात त्याच्याकडून) इमेज स्वरूपात, म्हणजे अख्ख्या डिस्कची प्रत म्हणून जात असेल, तर बेअर मेटल मॉड्यूलही (रिकाम्या हार्डवेअरवर मशीन परत उभं करणारं) बहुतेकदा नको असतं.

मोजमाप कशात आहे?

माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. समजा तीन होस्ट आहेत, प्रत्येकात दोन प्रोसेसर, आणि त्यांच्यावर मिळून ४० व्हर्च्युअल मशीन्स. सॉकेटवर (म्हणजे प्रोसेसरवर) मोजणी असेल तर ६ लायसन्स, मशीनवर असेल तर ४०. पुढच्या वर्षी मशीन्स ६० झाली तर पहिल्या हिशेबात काहीच बदलत नाही, दुसऱ्यात २० लायसन्सची भर पडते. पण त्याच तीन होस्टवर आठच मशीन्स असतील, तर आठ मशीन्सचं लायसन्स कदाचित स्वस्त पडेल. एका लायसन्सची किंमत बघून काहीच कळत नाही. तीन वर्षांनी तुमच्याकडे काय असेल, ते मांडूनच दोन्हींची तुलना करायची.

फाइल शेअर (नेटवर्कवरचं सामाईक फोल्डर) असेल तर गणित अजून बदलतं. वीम या बॅकअप सॉफ्टवेअरच्या युनिव्हर्सल लायसन्समध्ये एक सर्व्हर म्हणजे एक लायसन्स, पण फाइल शेअर मात्र ५०० जीबीला एक या हिशेबाने मोजला जातो. म्हणजे १० टीबीच्या शेअरला साधारण २० लायसन्स. ‘आमच्याकडे एकच फाइल सर्व्हर आहे’ असं सांगून कोटेशन मागवलं की हा धक्का नंतर बसतो.

क्षमतेवरच्या (डेटा किती टीबी आहे यावर मोजल्या जाणाऱ्या) लायसन्समध्ये ‘फ्रंट-एंड’ आणि ‘बॅक-एंड’ हे दोन शब्द करारात शोधाच. फ्रंट-एंड म्हणजे मूळ मशीनवरचा डेटा, बॅक-एंड म्हणजे बॅकअपच्या साठ्यात पडलेला. फ्रंट-एंड मोजणीत डीडुप्लिकेशनने (सारखा डेटा एकदाच साठवून) कितीही जागा वाचवली तरी लायसन्स कमी होत नाही. तिथे खरी बचत झाडलोटीतून होते: जुन्या आयएसओ फाइल्स, कुणीतरी ‘असू दे’ म्हणून ठेवलेली डेटाबेसची चौथी प्रत, सोडून गेलेल्या लोकांची प्रोफाइल्स. बॅक-एंड मोजणीत याच्या उलट. ९० दिवसांऐवजी वर्षभराच्या प्रती ठेवायच्या ठरल्या की लायसन्सही वाढतं, आणि तो निर्णय घेणाऱ्याला बहुतेक वेळा हे माहीत नसतं.

एकच मशीन दोनदा मोजलं जाणं तर नेहमीचंच. होस्टकडून त्याची इमेज जाते आणि आत एजंटही बसवलेला असतो. कधी सर्व्हरचं नाव बदललं किंवा विंडोज नव्याने टाकलं की सॉफ्टवेअर त्याला नवीन मशीन समजतं, आणि जुनं नाव लायसन्स अडवून तसंच बसून राहतं. ‘लायसन्स उपलब्ध नाही’ असा एरर आल्यावर नवीन खरेदीची फाइल फिरवण्याआधी कन्सोलमधली लायसन्सची यादी उघडा. त्यात दोन-तीन भुतं निघतात. त्यांचं लायसन्स परत घ्या आणि जॉब पुन्हा चालवा.

मॉड्यूल आहे, जॉबही हिरवा आहे, तरी रिस्टोअर होत नाही

मला वारंवार भेटलेला एक प्रकार सांगतो. एसक्यूएल सर्व्हरचा बॅकअप नव्या मॉड्यूलने सुरू केला, ट्रान्झॅक्शन लॉग (डेटाबेसमधल्या बदलांची नोंद) दर तासाला जातोय. डेटाबेस सांभाळणाऱ्याने पूर्वीच लावलेला लॉग बॅकअपचा जुना जॉबही सुरूच आहे, कारण ‘असलेला बरा’. लॉगची साखळी मात्र एकच असते. अर्धे दुवे एकाकडे जातात, अर्धे दुसऱ्याकडे. रिस्टोअर करायला गेलं की ४३०५ हा एरर येतो: हा लॉग फार पुढचा आहे, आधीचा द्या. तो आधीचा लॉग दुसऱ्याच फोल्डरमध्ये असतो आणि तिथे तो दोन दिवसांत पुसला जातो. लॉग उचलण्याचं काम एकाकडेच ठेवा, दुसऱ्याला जास्तीत जास्त ‘कॉपी-ओन्ली’ (नेहमीच्या बॅकअपच्या क्रमात ढवळाढवळ न करणारा) पूर्ण बॅकअप घेऊ द्या.

याचा उलटा प्रकार म्हणजे डेटाबेस ‘फुल’ रिकव्हरी मॉडेलवर (ज्यात बॅकअप घेतल्याशिवाय लॉग रिकामा होत नाही) आहे आणि लॉगचा बॅकअप कुणीच घेत नाही. मग लॉग फाइल फुगत जाते, डिस्क भरते, आणि लोक बॅकअप सॉफ्टवेअरला शिव्या देतात.

व्हर्जनची जुळणी हा दुसरा खड्डा. प्रोग्रामचा कोड साठवणाऱ्या गिटलॅब या सेवेने ३१ जानेवारी २०१७ च्या अपघाताचा अहवाल स्वतःच प्रसिद्ध केला होता. चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली आणि बॅकअप शोधायला गेले तर साठवणुकीची जागा रिकामी. डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ वर होता, आणि बॅकअप घेणारी आज्ञा ९.२ ची चालत होती, त्यामुळे ती दर वेळी फेल होत होती. तशी सूचना देणारे मेल निघायचे, पण मेल सर्व्हर ते नाकारत होता. शेवटी साधारण सहा तास जुन्या स्नॅपशॉटवर (डिस्कच्या त्या क्षणाच्या प्रतीवर) भागवावं लागलं. तिथे लायसन्सचा संबंध नव्हता, पण धडा मॉड्यूललाही लागू आहे. डेटाबेस अपग्रेड करण्याआधी मॉड्यूल ते व्हर्जन ओळखतं का, ते बघा. मेंटेनन्सचा करार संपलेला असेल तर नवं मॉड्यूल मिळणारच नाही. आणि फक्त फेल झाल्याचे मेल मागवू नका. मेल आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं गृहीत धरलं की असं होतं.

बॅक्युला या बॅकअप सॉफ्टवेअरची मोफत, ओपन सोर्स आवृत्ती वापरत असाल तर लायसन्सचा प्रश्न नाही, जुळणीचा आहेच. डायरेक्टर (जॉब चालवणारा भाग) आणि स्टोरेज डीमन (डेटा साठवणारा) एकाच व्हर्जनचे हवेत, मशीन्सवरचे फाइल डीमन (फाइल्स पाठवणारे) जुने चालतात. जॉब नुसताच अडकून बसला असेल तर आधी फायरवॉलमध्ये ९१०१, ९१०२ आणि ९१०३ हे पोर्ट बघा. स्टोरेज डीमनशी जोडणी क्लायंट (बॅकअप घ्यायचं मशीन) स्वतः करतो, हे लोक विसरतात.

बॅकअप रात्रीत संपत नाही, अशी तक्रार आली की विक्रेता वेग वाढवणारं मॉड्यूल सुचवतो. आधी वायर मोजा. एक गिगाबिटच्या नेटवर्कवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे ४ टीबीला दहा तास. नेटवर्कच तेवढं असेल, तर क्लायंटवरच डेटा कमी करून पाठवणारी सोय उपयोगी पडेल. सर्व्हरवर पोचल्यानंतर डीडुप करणारी पडणार नाही. दोन्हींच्या जाहिरातीत शब्द मात्र एकच असतो.

बॅकअप सर्व्हरच गेला तर

लायसन्सची फाइल कुठे आहे? नव्वद टक्के लोक म्हणतात, ‘सर्व्हरवर.’ (हा आकडा माझ्या वैतागाचा आहे, सर्वेक्षणाचा नाही.) तोच सर्व्हर जळाला तर नव्या मशीनवर सॉफ्टवेअर टाकून लायसन्स पुन्हा सक्रिय करावं लागतं. काही उत्पादनांत ते हार्डवेअरच्या ओळखीशी बांधलेलं असतं आणि विक्रेत्याच्या पोर्टलवरून सोडवून घ्यावं लागतं. एका ठिकाणी पोर्टलचं लॉगिन नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या मेलवर होतं, आणि तो मेलबॉक्स बंद केलेला. टेप शाबूत, डेटा शाबूत, आणि आम्ही दीड दिवस फोनवर. लायसन्स फाइल, इन्स्टॉलरचं तेच व्हर्जन, एन्क्रिप्शनची किल्ली आणि पोर्टलचं लॉगिन, हे सगळं बॅकअप सर्व्हरच्या बाहेर ठेवा. लॉगिन एका माणसाच्या नव्हे, विभागाच्या मेलवर असू द्या.

कॅटलॉगचाही (कोणती फाइल कोणत्या बॅकअपमध्ये आहे, त्या यादीचाही) वेगळा बॅकअप हवा. तो गेला तर टेप पुन्हा वाचून उभारता येतो, बॅक्युलात त्यासाठी बीस्कॅन ही आज्ञा आहे, पण मोठ्या साठ्याला त्यात दिवस जातात. आणि टेप असतील तर ड्राइव्ह बदलताना जपून, एलटीओ टेपच्या पिढ्या असतात: एलटीओ-८ चा ड्राइव्ह एलटीओ-७ वाचतो, एलटीओ-६ नाही.

कंपन्यांचे मालक बदलतात, हेही कराराच्या वेळी लक्षात असू द्या. बॅकअप एक्झेक हे सॉफ्टवेअर २००५ मध्ये व्हेरिटास कंपनीबरोबर सिमँटेककडे गेलं, २०१६ मध्ये पुन्हा वेगळं झालं, आणि २०२४ च्या अखेरीस व्हेरिटासचं दुसरं बॅकअप सॉफ्टवेअर नेटबॅकअप कोहेसिटीकडे गेलं तेव्हा बॅकअप एक्झेक आर्क्टेराकडे आलं. व्हीएमवेअरची कायमस्वरूपी लायसन्स विकणं २०२३ च्या डिसेंबरात थांबलं आणि अनेकांनी हायपरव्हायझर (व्हर्च्युअल मशीन्स चालवणारं सॉफ्टवेअर) बदलायला घेतला. तुमचं बॅकअप लायसन्स एका हायपरव्हायझरवरून दुसऱ्यावर विनाशुल्क नेता येतं का, हे आत्ताच लेखी घ्या.

सबस्क्रिप्शन घेताना अजून एक प्रश्न उरतो: मुदत संपल्यावर जुन्या प्रतींमधून रिस्टोअर चालतं का? काही उत्पादनांत नवे जॉब थांबतात आणि रिस्टोअर सुरू राहतं, काहींत कन्सोलच उघडत नाही. विक्रेत्याचं तोंडी उत्तर यात धरू नका. ट्रायल घ्या, हिशेबाच्या डेटाबेससारखा खरा डेटा त्यात टाका, आणि ट्रायलची मुदत मुद्दाम संपू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कन्सोल उघडून रिस्टोअर करून बघा.