व्यापारी जागा सर्वांची व्हावी, यासाठी मालकाने काय करावे

व्यापारी संकुलाचा नकाशा वास्तुरचनाकार काढतो, परंतु तेथे कोणाला निवांत बसावेसे वाटेल, कोण दारातूनच परत फिरेल आणि कोणाच्या मनात आत येण्याचा विचारही येणार नाही, हे पुढची अनेक वर्षे मालकाच्या निर्णयांवर ठरत राहते. सुरक्षारक्षकाला कोणत्या सूचना दिल्या आहेत, भाडेकरारात कोणती कलमे आहेत, स्वच्छतागृहाची किल्ली कोणाजवळ असते, यांपैकी काहीही नकाशात दिसत नाही. म्हणून पुढील विवेचनाची सुरुवात बांधकामापासून होत असली, तरी त्याचा मोठा भाग रोजच्या कारभाराविषयी आहे.

आधी सोबत फिरून पाहावे

कोणताही खर्च मंजूर करण्यापूर्वी आपल्या जागेतून काही माणसांबरोबर पायी फेरी मारावी: व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती, अंध व्यक्ती, बाबागाडी ढकलणारे पालक, जिना चढताना कठडा घट्ट धरावा लागणारे वृद्ध. प्रत्येकाबरोबर वेगळी फेरी घ्यावी, ती रस्त्यापासून सुरू करावी आणि स्वच्छतागृहापर्यंत न्यावी. या कामासाठी त्यांना सल्लागाराप्रमाणे मानधन द्यावे, कारण ते आपल्याला देत असलेली माहिती व्यावसायिक मोलाचीच असते. अहवाल मागवून काम भागत नाही. जड दार एका हाताने ओढताना माणसाची किती दमछाक होते, हे मालकाने स्वतः शेजारी उभे राहून पाहायला हवे. नवी इमारत असेल, तर हीच चर्चा नकाशा कागदावर असतानाच करावी. तेव्हा दार दहा सेंटिमीटरने रुंद करायला एक रेघ पुसावी लागते, नंतर भिंत फोडावी लागते.

प्रवेश

रॅम्पचा उतार 1:12 पेक्षा तीव्र नसावा, हे प्रमाण अनेक देशांच्या नियमांत आढळते. त्याचा अर्थ हिशेबाने समजून घेतलेला बरा. 15 सेंटिमीटर उंचीची एक पायरी ओलांडायला किमान 1.8 मीटर लांबीचा रॅम्प लागतो. अशा तीन पायऱ्या असल्या, तर 5.4 मीटर. दारासमोर तेवढी जागा नाही म्हणून दीड मीटरमध्ये उरकलेला रॅम्प तपासणीच्या कागदावर ‘आहे’ म्हणून नोंदला जातो, परंतु त्यावरून व्हीलचेअर स्वतःच्या हातांनी वर नेणे जवळजवळ अशक्य असते आणि खाली येताना ती उलटण्याची भीती असते. रॅम्पच्या दोन्ही टोकांना सपाट जागा आणि दोन्ही बाजूंना कठडा हवा. दार सुमारे 90 सेंटिमीटर मोकळे उघडावे आणि आत व्हीलचेअर वळवण्यासाठी साधारण 150 सेंटिमीटर व्यासाची जागा राहावी.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. रॅम्प मालवाहतुकीच्या मागच्या दाराला लावून ‘सोय केली आहे’ असे म्हणू नये. कचऱ्याच्या पेट्यांमधून वाट काढत आत येणाऱ्या माणसाला आपले स्थान काय आहे, ते बरोबर कळते. सर्वांचे दार एकच असावे.

अंध व्यक्तींसाठीच्या उंचवट्यांच्या फरशा जपानमधील सेइची मियाके यांनी 1965 मध्ये विकसित केल्या आणि 1967 मध्ये ओकायामा शहरात त्या प्रथम रस्त्यावर बसवल्या गेल्या. लांबट पट्ट्या ‘पुढे चला’ असे सांगतात, तर ठिपके ‘थांबा, पुढे धोका किंवा वळण आहे’ असे सांगतात. त्या शोभेसाठी बसवल्या की खांबावर जाऊन आदळवतात, आणि नीट बसवल्यानंतर त्यांवर जाहिरातीचा फलक किंवा फुलझाडांची कुंडी ठेवली तरी परिणाम तोच. त्यामुळे सफाई पथकाच्या रोजच्या यादीत ‘पट्ट्या मोकळ्या आहेत का’ हा प्रश्न असलाच पाहिजे.

बसायला जागा

न्यूयॉर्क शहराने 1961 मध्ये असा नियम केला की इमारतीसमोर लोकांसाठी खुले अंगण सोडणाऱ्या विकासकाला त्याच्या मोबदल्यात वाढीव बांधकाम करता येईल. अंगणे पुष्कळ तयार झाली आणि त्यांतली कितीतरी ओस पडली. 1970 च्या दशकात शहरातील सार्वजनिक जागांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी कॅमेरे लावून या जागांचे निरीक्षण केले, तेव्हा निघालेला मुख्य निष्कर्ष हसू यावे इतका साधा होता: लोक तिथे बसतात, जिथे बसायला जागा असते. त्यानंतर 1975 मध्ये शहराने अंगणाच्या दर 30 चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बैठक सक्तीची केली.

मालकाने यातून घेण्यासारखे बरेच आहे. झाडांच्या वाफ्यांना कट्टा करताना त्यावर टोकदार पट्ट्या किंवा मधेमधे लोखंडी कड्या बसवू नयेत. त्या एका माणसाला झोपू देत नाहीत हे खरे, पण दहा जणांना बसूही देत नाहीत. निम्म्या बैठकांना पाठ आणि हात असावेत, कारण वृद्धांना उठताना हाताचा आधार लागतो. बसण्याची उंची 45 सेंटिमीटरच्या आसपास असावी. बाकाच्या शेजारी व्हीलचेअर उभी राहील एवढी जागा सोडावी, म्हणजे सोबत आलेली दोन माणसे खरोखर सोबत बसू शकतात. शक्य असेल तिथे हलवता येणाऱ्या खुर्च्या ठेवाव्यात. ‘चोरीला जातील’ हा आक्षेप हमखास येतो. परंतु न्यूयॉर्कमधील ब्रायंट पार्क 1992 मध्ये नव्याने खुले झाले, तेव्हापासून सुट्या खुर्च्या ही त्याची ओळख झाली आहे. माणूस खुर्ची चार बोटे जरी सरकवून बसला, तरी ती जागा त्याला आपली वाटू लागते.

आणि या बैठकांसाठी काही विकत घेण्याची अट नसावी.

स्वच्छतागृह

सुगम्य, म्हणजे अपंगांनाही वापरता येईल असे, स्वच्छतागृह बहुतेक नव्या इमारतींत असते. ते उघडे असतेच असे नाही. कुलूप, आत उभ्या केलेल्या फरशी पुसण्याच्या काठ्या, जादा खुर्च्यांची रास, हे दृश्य अनेकांना ओळखीचे वाटेल. मदत बोलावण्यासाठी ओढायची आपत्कालीन दोरी ‘मुले उगाच ओढतात’ म्हणून वर गुंडाळून बांधलेली असते. वास्तविक ती जमिनीपर्यंत लोंबायला हवी, कारण तिची गरज पडते ती खाली पडलेल्या माणसाला. दार बाहेरच्या बाजूला उघडावे, नाहीतर आत पडलेली व्यक्तीच दार अडवून बसते. बाळाचे कपडे बदलण्याची फळी फक्त महिलांच्या बाजूला लावण्याचेही काही कारण नाही.

सुरक्षारक्षकाच्या सूचना

‘संशयास्पद व्यक्तींना हटकावे’ या एका वाक्याने वर केलेला सगळा खर्च वाया जाऊ शकतो. संशयास्पद म्हणजे कोण, हे रक्षक मग कपड्यांवरून, भाषेवरून, वयावरून ठरवतो आणि त्याच्याकडे दुसरा निकषही नसतो. सूचना लेखी असाव्यात आणि त्या माणसांबद्दल नव्हे, तर वर्तनाबद्दल असाव्यात: मारामारी, वाट अडवणे, छेडछाड, मालमत्तेचे नुकसान. प्रत्येक नियम लिहिताना एक कसोटी लावावी. उंची कपडे घातलेल्या गृहस्थाने हेच केले, तर आपण त्याला हटकू का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो नियम खोडावा. किशोरवयीन मुलांचा घोळका हा नियमभंग नव्हे. रक्षकांना प्रथमोपचार, रस्ता दाखवणे आणि अंध व्यक्तीला मदत विचारण्याची रीत शिकवावी. खांद्याला धरून ओढू नये, आपला कोपर पुढे करावा.

भाडेकरार

येथे मालकाचा खरा हात पोहोचतो, म्हणून थोडा कमी नफा सोसण्याची तयारीही येथेच लागते. सगळे गाळे मोठे असतील, तर फक्त मोठे व्यवसाय येतील. काही गाळे छोटे ठेवावेत. नवख्या उद्योजकासाठी कमी मूळ भाडे आणि विक्रीतला ठरावीक हिस्सा अशी रचना करता येते, म्हणजे मंदीच्या महिन्यात तो बुडत नाही आणि व्यवसाय चालला की मालकालाही वाटा मिळतो. देखभाल खर्चाचा हिशेब सर्व गाळेधारकांना खुला असावा. जागा नावारूपाला आली की भाडी वाढतात आणि ज्यांनी ती नावारूपाला आणली ती लहान दुकानेच आधी बाहेर पडतात. म्हणून वार्षिक वाढीची मर्यादा पहिल्याच करारात लिहून ठेवावी. गाळा रिकामा असेल, तर तो काही महिने वाचनगटाला किंवा शिकवणीला वापरू द्यावा, मात्र मुदत आणि जबाबदारी कागदावर घेऊनच.

मोजमाप

दारावरचा आकडा किती माणसे आली एवढेच सांगतो. आठवड्यातून एकदा, वेगवेगळ्या वेळी, किती जण थांबले, किती बसले आणि त्यांत वृद्ध, मुले व एकट्या स्त्रिया किती होत्या, हे वहीत नोंदवावे. स्त्रियांचे प्रमाण घटले की त्या जागेत काहीतरी बिनसले आहे, असे व्हाइट यांनीही नोंदवले होते. कारण बहुधा क्षुल्लक निघते, जसे बंद पडलेला एखादा दिवा. आणि तो बदलायला बैठक बोलवावी लागत नाही.