पायाच्या नसांसाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे? मग या चुका टाळा

बडोद्याच्या सूरसागर तलावाला अर्धी फेरी झाली की पोटरी गच्च धरते, दोन मिनिटं थांबलं की बरं वाटतं, पुढे निघालं की परत तेच. दांडिया बाजारातले कितीतरी काका-आजोबा 'वय झालं आता' म्हणून सोडून देतात, पण शुगर किंवा तंबाखू असेल तर पायाची रक्तवाहिनी आतून अरुंद झालेली असू शकते, तपासून घ्याच. दंड आणि घोट्याचं बीपी मोजून रेशो काढतात, तो ०.९० किंवा कमी आला आणि त्रास असला की डॉक्टर बहुतेक इकोस्प्रिन ७५ (म्हणजे अ‍ॅस्पिरिन) नाहीतर क्लोपिडोग्रेल ७५ लिहून देतात. घोळ इथून पुढे सुरू होतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'महिनाभर खाल्ली, पाय दुखायचा तर थांबला नाही' म्हणून गोळी बंद करणं. अहो, ती दुखण्याची गोळी नाहीच! ती रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटू देत नाही, म्हणजे गाठ होऊन हार्ट अटॅक किंवा लकवा यायचा धोका कमी होतो, आणि हे काम आपल्याला जाणवत नाही म्हणूनच ती सुटते. दुखण्यावर खरा उपाय चालणं, कमाटीबागेत दुखेपर्यंत चाला, थांबा, परत चाला, असं आठवड्यातून तीनदा तरी ३०-४५ मिनिटं, आणि निदान तीन महिने नेटाने करा. सोबत सिलोस्टाझोल (चालताना होणारं दुखणं कमी करणारी गोळी) दिली असेल तर ती जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यायची, आणि हार्ट फेल्युअर असेल तर अजिबात नाही.

दुसरं, पाय दुखतोय म्हणून मेडिकलवरून रोज कॉम्बिफ्लाम आणणं. त्यातलं आयबुप्रोफेन अ‍ॅस्पिरिनच्या कामात आडवं येतं, वर पोटात रक्तस्राव व्हायची भीती. ॲसिडिटीचंही तसंच, क्लोपिडोग्रेल चालू असताना ओमेप्राझोल नको, डॉक्टर पॅन्टोप्राझोल देऊ शकतात, विचारून घ्या.

तिसरी चूक डबल डोसची. १९९६ च्या कॅप्री (CAPRIE) नावाच्या औषध-चाचणीत १९ हजारांवर पेशंट होते, त्यात पायाच्या नसांवाल्यांना क्लोपिडोग्रेलचा फायदा अ‍ॅस्पिरिनपेक्षा जास्त दिसला, त्यामुळे डॉक्टर गोळी बदलतात आणि घरी मात्र जुनी-नवी दोन्ही चालू राहतात. किंवा हार्टवाल्याने एका नावाची दिली आणि पायवाल्याने दुसऱ्या नावाची, आत औषध एकच! दोघांकडे जाताना सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या.

दात काढायचाय म्हणून स्वतःच्या मनाने गोळी थांबवू नका, बहुतेक वेळा थांबवावी लागतच नाही.

शौचाला डांबरासारखं काळं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. आणि पाय अचानक गार, पांढरा पडून बधिर झाला तर मालिश, शेक काही करत बसू नका, थेट सयाजी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या, पाय वाचवायला हातात काही तासच असतात.