अनुदानाची जाहिरात येण्याआधी: नागपुरातल्या छोट्या संस्थांसाठी तयारीची यादी

अनुदानाची जाहिरात निघते, अर्जाला दोन-तीन आठवडे मिळतात आणि संस्था त्या दिवसांत प्रकल्प लिहायला बसते. प्रकल्प बहुतेक वेळा चांगलाच असतो, कारण काम खरं असतं. पण पहिल्या चाळणीत प्रकल्प कुणी वाचतच नाही, तिथे फक्त पात्रतेचे कागद बघतात. वस्तीत वर्षानुवर्षं अभ्यासिका चालवणारी संस्था त्या चाळणीत गळते, तेव्हा मनाला लागतं. म्हणून ही यादी. यातली निम्मी कामं जाहिरात निघाल्यावर होण्यासारखीच नाहीत, ती आत्ता हातात घ्यायची आहेत.

आधी बघायचं, पैसा कुठला आणि कुठे खर्च व्हायला हवा. एका भागातल्या अनेक देणगीदारांचा पैसा एकत्र ठेवून तो तिथल्याच संस्थांना द्यायचा, ही कम्युनिटी फाउंडेशनची पद्धत १९१४ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला सुरू झाली. आपल्याकडे मुंबईत १९९१ मध्ये बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट उभा राहिला. अशा निधीत भूगोल ही मोठी अट असते. नागपुरात तिचा घोळ होतो, कारण कार्यालय धरमपेठेत आणि काम गडचिरोलीत किंवा मेळघाटात, अशा संस्था इथे बऱ्याच आहेत. पत्ता नागपूरचा आहे एवढ्याने भागत नाही, लाभार्थी कुठे राहतात ते विचारतात. कंपन्यांनी कायद्याप्रमाणे समाजकामासाठी द्यायच्या सीएसआर निधीचंही तसंच आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ मध्ये कंपनीच्या आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगितलंय. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स) कोळसा खाणी उमरेड, सावनेरकडे आहेत, मॉइलच्या मँगनीज खाणी मनसर आणि कांद्रीला. तुमचं काम त्या गावांत असेल, तर ते पहिल्या पानावर दिसू द्या. त्यासाठी लाभार्थ्यांची यादी गाव आणि प्रभागवार आजपासूनच ठेवा.

आता नोंदणी. महाराष्ट्रात संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदली, की १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंदावी लागते. म्हणजे प्रमाणपत्रं दोन आणि क्रमांकही दोन. बरेच जण एकच जोडतात. नुसता ट्रस्ट असेल तर १९५० च्या कायद्याचं एक पुरतं, कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची, नफ्यासाठी नसलेली कंपनी असेल तर तिचं प्रमाणपत्र वेगळं. सोबत घटना आणि नियमावलीची प्रत काढून तिच्यातली उद्दिष्टं नीट वाचा. शिक्षणासाठी स्थापन झालेली संस्था आरोग्याच्या निधीसाठी अर्ज करते आणि उद्दिष्टांत आरोग्याचा शब्दही नसतो, असं होऊ नये.

सगळ्यात जास्त वेळ मात्र चेंज रिपोर्टला, म्हणजे बदलाच्या अहवालाला द्या. कार्यकारिणी बदलली, कुणी विश्वस्त वारले, कुणी राजीनामा दिला किंवा कार्यालयाचा पत्ता बदलला, तर १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचं असतं. छोट्या संस्थांत हे वर्षानुवर्षं राहून जातं. काम थांबत नाही, निवडणूक वेळेवर होते, ठराव इतिवृत्तात असतो, पण परिशिष्ट १ वर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीत, अजून जुनीच मंडळी. मग अर्जावर सही करणारे अध्यक्ष सरकारी दप्तरी अध्यक्षच नसतात, आणि निधी देणारा त्यांच्याशी करार कसा करणार? आज परिशिष्ट १ चा उतारा काढा आणि त्यावरची नावं आत्ताच्या कार्यकारिणीशी ताडून पाहा. फरक असेल तर सभेची सूचना, हजेरी, ठराव, राजीनामे, मृत्यूचा दाखला आणि नव्या सभासदांची संमतीपत्रं गोळा करा. मुदत उलटून गेली असेल तर विलंब माफीचा अर्जही जोडावा लागतो. मधले अनेक बदल राहिले असतील तर ते क्रमाने दाखल करायचे. याला महिने लागतात, तेवढे धरूनच चला. मंजुरी बाकी असली तरी दाखल केल्याची पोच जपून ठेवा, काही निधी देणारे ती पाहून पुढे जातात. आणि डिसेंबरात हिवाळी अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्सचे रस्ते कधी बंद होतील याचा नेम नसतो, तिकडच्या कार्यालयांतली कामं दिवाळीच्या आगेमागे उरकून घ्या.

मग नाव. दोन्ही प्रमाणपत्रं, पॅन, बँक खातं आणि आयकराचे आदेश एका टेबलावर मांडा आणि संस्थेचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का ते बघा. एकीकडे ‘बहुउद्देशीय’ आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्या फरकावरही अर्ज परत येतो.

आयकराकडे या. १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) यांचे जुने आदेश आता चालत नाहीत. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्यांना नव्याने नोंदणी करावी लागली. तेव्हा पाच वर्षांची मिळालेली बहुतेक नोंदणी ३१ मार्च २०२६ पर्यंतचीच होती. त्यापुढचा आदेश हातात आहे का, तारीख पाहून खात्री करा. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते, ती संपायच्या किमान सहा महिने आधी किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यातलं जे आधी येईल तेव्हा, नियमित नोंदणीसाठी अर्ज करायचा. २०२५ च्या वित्त कायद्याने पाच कोटींपर्यंत उत्पन्नाच्या संस्थांना १२एबीची (जुन्या १२एच्या जागी आलेली) नोंदणी दहा वर्षांसाठी मिळू लागली. ८०जीला ही सवलत नाही, म्हणून दोन्हींच्या मुदती वेगवेगळ्या लिहून ठेवा. सीएसआरचा पैसा हवा असेल तर कंपनी मंत्रालयाचा सीएसआर-१ हा अर्ज भरून मिळणारा क्रमांकही लागतो, आणि कंपनीने स्वतः न काढलेल्या संस्थेकडे साधारणपणे तीन वर्षांच्या कामाचा अनुभव असावा लागतो.

हिशेब तीन वर्षांचे, सीएने तपासलेले आणि धर्मादाय कार्यालयात दाखल केल्याच्या पोचेसह. त्यात खर्च एकाच ‘सामाजिक कार्य’ या शीर्षाखाली टाकलेला असेल तर सीएंना भेटून या वर्षीपासून कामानुसार शीर्षं पाडून घ्या. बँक खातं संस्थेच्याच नावाचं हवं, आणि सह्या करणारे तेच, जे परिशिष्ट १ वर आहेत.

परदेशी पैशाची गोष्ट वेगळी. निधी देणाऱ्याला सरळ विचारा की पैसा देशातला आहे की बाहेरचा. बाहेरचा असेल तर एफसीआरएशिवाय, म्हणजे परदेशी निधी घ्यायच्या केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय, घेता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर एक संस्था तो घेऊन दुसरीला देऊही शकत नाही, दुसरीकडे एफसीआरए असली तरी. ‘आमच्या खात्यात घेतो, तुम्हाला देतो’ असं कुणी मायेने म्हटलं तरी नाही म्हणा.

मुलांसोबत काम असेल तर बालसंरक्षणाचं धोरण लिहून ठरावाने मंजूर करा, फोटोंसाठी पालकांची लेखी संमती घ्या. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती हवीच. नातेवाइकांचाच भरणा असलेली कार्यकारिणी निधी देणाऱ्यांना खटकते. पुढच्या निवडणुकीत वस्तीतली एखादी ताई, निवृत्त शिक्षक, आशा कार्यकर्ती यांना जागा द्या. मला हे कागदापेक्षाही महत्त्वाचं वाटतं.

संस्थेच्या कामाला तीन वर्षं अजून पुरी झाली नसतील, तर देशातल्या निधीसाठी जुन्या, पात्र संस्थेची भागीदार म्हणून काम करता येतं का, ते निधी देणाऱ्यालाच आधी विचारा. चालत असेल तर कोण काय करणार, पैसा कुणाच्या खात्यात येणार, हिशेब कोण देणार आणि अहवालात नाव कुणाचं जाणार, हे दोन्ही कार्यकारिणींच्या ठरावाने लिहून घ्या. अर्जावर फोन नंबर मात्र प्रकल्प तोंडपाठ असलेल्या माणसाचाच द्या.