जुन्या गाडीची रेडिएटर कॅप: आकडा नंतर, आधी खोली मोजा

‘जरा जास्त प्रेशरची कॅप लावा, चोर्ला घाटात गाडी तापणार नाही,’ हा सल्ला बेळगाव-खानापुरात आजही सर्रास मिळतो. तो साफ चुकीचा आहे. कॅप गाडी थंड करत नाही, फक्त आतलं पाणी उशिरा उकळू देते. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. इथं उघडं पाणी ९७-९८ अंशांवर उकळतं, ०.९ किलो दाबाची कॅप लावली की तेच ११७ च्या आसपास. घाटाच्या गोव्याकडच्या पायथ्याच्या केरीपासूनच्या चढाला तापमानाचा काटा वर जात असेल, तर थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाण्याला रेडिएटरकडे वाट देणारी झडप), फॅन आणि रेडिएटरची चोंदलेली जाळी तपासा.

आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. कॅपवर कधी ०.९, कधी १३, कधी ८८ लिहिलेलं असतं. किलो (दर चौरस सेंटिमीटरला), पीएसआय आणि किलोपास्कल या मापांचा एवढाच फरक, दाब जवळपास तोच. ०.९ च्या जागी १.१ घेऊ नका. वाढलेला दाब जुन्या होस पाइपांवर आणि रेडिएटरच्या जोडांवर येतो.

आता खरी मेख. आकडा बरोबर, कॅपचे कान तोंडाच्या खाचेत बसतात, कॅप फिरते, तरी पाणी जातं. मला या पायरीनं फार छळलं, कारण दुकानात कुणीच खोलीबद्दल बोलत नाही. रेडिएटरच्या तोंडात खाली एक कडा असते, कॅपचं स्प्रिंगनं दाबलेलं खालचं रबर तिच्यावर टेकतं; जास्तीचा दाब सोडणारा वाल्व तो हाच. वरच्या काठापासून त्या कडेपर्यंतचं अंतर सगळ्या गाड्यांत सारखं नसतं. कॅप आखूड पडली तर स्प्रिंग दबतच नाही आणि ०.९ चा शिक्का नावापुरता उरतो. लांब पडली तर स्प्रिंग जास्त दबते, वाल्व वेळेवर उघडत नाही, आणि मग पाइप फुटतो.

‘जुनी कॅप आणा, तसलीच देतो’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका. पंचवीस वर्षांच्या गाडीवर मूळचीच कॅप असेल याची काय खात्री? इंजिन पूर्ण गार असताना कॅप काढा, तोंडावर पट्टी आडवी धरा आणि स्टीलच्या स्केलनं आतल्या कडेपर्यंत खोली मोजा. कॅपचं खालचं रबर त्याहून थोडे मिलिमीटर खाली पोचायला हवं. बसवताना शेवटच्या फिरकीला स्प्रिंगचा जोर हाताला जाणवला पाहिजे. मग परत काढून रबर बघा: कडेचा गोल ठसा कुठंही तुटलेला नको. तुटला असेल तर तोंडाची कडा चेपलेली असू शकते, मग दुसरी कॅप आणून उपयोग नाही.

बाजूला कूलंटची बाटली असेल तर वरच्या झाकणाखालीही रबर असलेलीच कॅप घ्या. ते नसेल तर गार होताना बाटलीतल्या कूलंटऐवजी हवा ओढली जाते.

बसवल्यावर एकदा घाट चढून या, गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी रेडिएटरचा वरचा पाइप चेपलेला दिसला तर कॅपचा मधला छोटा वाल्व, म्हणजे गार होताना कूलंट परत आत घेणारा, अडकतोय. ती कॅप दुकानात परत करा.