कुऱ्हाडफेकीची जागा निवडताना आधी फळी बघा

कुऱ्हाडफेक म्हणजे लाकडी फळ्यांच्या टार्गेटवर कुऱ्हाड फेकून रुतवायचा खेळ. तो खेळायला जाल तेव्हा पैसे भरण्याआधी वीस मिनिटं लवकर पोहोचा आणि चालू असलेली बॅच बाहेरून बघा. निऑनचे दिवे आणि भिंतीवरची चित्रं नंतर. पहिली नजर समोरच्या फळ्यांवर टाका, कारण कुऱ्हाड रुतणार की उसळून परत येणार, हे तुमच्या जोरापेक्षा त्या लाकडावर जास्त अवलंबून असतं.

फळ्या उभ्या लावलेल्या हव्यात, लाकडाच्या रेषाही उभ्या. पातं उभंच येतं, रेषांच्या मधे शिरतं आणि धरून बसतं. रेषा आडव्या असल्या की तेच पातं तंतू तोडायला जातं आणि निसटतं. लाकूड मऊ हवं, पॉप्लर किंवा पाईन. ‘मजबूत राहील’ म्हणून कुणी सागासारखं कठीण लाकूड लावलं असेल तर तिथे फेकू नका. प्लायवूड मागच्या आधाराला चालतं, पुढच्या बाजूला नाही. त्याचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे पातं नीट शिरत नाही.

मधल्या फळ्या सगळ्यात आधी जातात. बुल्सआयभोवती, म्हणजे टार्गेटच्या मधल्या ठिपक्याभोवती, लाकडाचा भुसा होऊन बोटभर खळगा पडला असेल, तर फळी बदलायची वेळ कधीच होऊन गेली आहे; नेम बरोबर लागूनही कुऱ्हाड खाली पडेल आणि तुम्ही उगाच स्वतःला दोष द्याल. स्क्रूचं डोकं वर आलेलं दिसलं तर ती लेन, म्हणजे फेकायची पट्टी, सरळ नाकारा. लोखंडावर लोखंड आदळलं की कुऱ्हाड मागे येते. ‘मधली फळी कधी बदलली?’ असं विचारा. ज्यांचं काम नीट चालतं त्यांना वार आठवतो, आणि कोपऱ्यात नव्या फळ्यांची थप्पीही दिसते.

ओलावा हा आपल्याकडचा खास मुद्दा आहे. पावसाळ्यात फळ्या आपोआप ओलसर राहतात आणि कुऱ्हाड छान रुतते. एसी दिवसभर चालू असलेल्या हॉलमध्ये मात्र लाकूड वाळून कडक होतं. म्हणून बॅचच्या मधे फळ्यांवर पाण्याचा फवारा मारणारा माणूस दिसला, तर जागा चांगल्या हातात आहे असं समजा.

आता कुऱ्हाड. नवशिक्यासाठी साधारण ७०० ग्रॅम ते सव्वा किलो वजन आणि १४ ते १७ इंचांचा दांडा पुरतो. लाकडी दांडा कोरड्या हवेत आकसतो आणि कुऱ्हाडीचं डोकं, म्हणजे लोखंडी भाग, सैल होतं. एका हातात डोकं घट्ट धरून दुसऱ्या हाताने दांडा हलवा. किंचितही खुळखुळ जाणवली, किंवा पाचर वर सरकलेली दिसली, तर दुसरी मागा. धार वस्तऱ्यासारखी नको, पण बोथट पातं लाकडावरून उसळतं. पात्याच्या कडेला चिरा किंवा कुसळं असतील तर तीही परत करा. दुधारी, शोभेच्या कुऱ्हाडी फोटोपुरत्या ठीक.

लेनमध्ये फेकायची रेषा टार्गेटपासून सुमारे १२ फुटांवर असते आणि बुल्सआय जमिनीपासून साधारण ५ फुटांवर. दोन लेनच्या मधे आणि दोन्ही बाजूंना जाळी किंवा लाकडी भिंत हवी, प्रेक्षकांसमोर अडसर हवा. टार्गेटखाली रबरी मॅट हवी. उघड्या काँक्रीटवर पडलेली कुऱ्हाड कुठेही उडते आणि धारही जाते. मॉलमधल्या जागेत फॉल्स सीलिंग खाली असतं, तेव्हा हात डोक्यामागे नेऊन बघा, डक्ट किंवा दिवा आड येतो का.

कोचकडे बघायच्या गोष्टी थोड्याच आहेत. शेजारचे दोघे एकाच वेळी फेकतात आणि एकाच वेळी कुऱ्हाड आणायला जातात, हा नियम तो पाळून घेतो का? कुऱ्हाड हातातून हातात दिली जाते, की स्टँडवर ठेवून मगच पुढचा उचलतो? चप्पल घालून आलेल्याला तो परत पाठवतो का? दारू प्यायलेल्याला? आणि कुऱ्हाड रुतत नसेल तर ‘जोर लावा’ म्हणतो, की कारण सांगतो? दांड्याचं टोक आधी आपटत असेल तर कुऱ्हाडीचा हवेतला फेरा अपुरा पडतोय, अर्धं पाऊल मागे जायचं. डोक्याचा वरचा भाग आपटून दांडा वर राहत असेल तर फेरा जास्त होतोय, अर्धं पाऊल पुढे. एवढं न सांगणाऱ्या कोचचे पैसे देऊ नका.

फोनवर दर विचारताना एका लेनला किती माणसं बसवतात हेही विचारा. तासातली १५ मिनिटं शिकवण्यात जातात. दोघांनी फेकून कुऱ्हाडी परत आणायला मिनिटभर धरा, म्हणजे दोन टार्गेटच्या लेनवर ४५ मिनिटांत ९० फेकी. सहा जण असतील तर प्रत्येकाला १५ येतात. दहा जण कोंबले तर ९, म्हणजे १० फेकींचा एक सामनाही पुरा होत नाही. ऑफिसच्या ग्रुपला ‘स्वस्त पॅकेज’ मिळतं ते बहुधा असंच.

ठाण्यातल्या वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईतल्या तुर्भे-महापे भागातल्या शेडमध्ये उंची भरपूर मिळते, पण मे महिन्यात पत्र्याखाली तळहाताला घाम येतो आणि दांडा सटकतो. पंखे आणि हात पुसायला टॉवेल आहेत का बघा. दुसरा दरवाजा उघडा आहे की सामान लावून बंद केलाय, प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे, हेही त्याच फेरीत बघून घ्या.

स्लॉट घड्याळाप्रमाणे सुरू होतो, तुमच्यासाठी थांबत नाही. शनिवारी संध्याकाळी ठाण्यात घोडबंदर रोडला माजिवड्यापुढे अडकलात तर अर्धा तास तिथेच जाईल. नवी मुंबईत जाणार असाल तर ट्रान्स-हार्बर मार्गाच्या लोकलने जाऊन स्टेशनवरून रिक्षा करा, आणि जमलं तर रविवार सकाळची पहिली बॅच घ्या: गर्दी कमी, कोच ताजा, आणि फळ्यांवर आदल्या बॅचचे घाव बसायचे असतात.