पोर्टेबल डीव्हीडी प्लेअरची स्क्रीन कशी पारखायची
दुकानदार प्लेअर चालू करून दाखवतो तेव्हा पडद्यावर हमखास निळा समुद्र नाहीतर भडक रंगांचं गाणं असतं. त्यात कुठलीही स्क्रीन खुलूनच दिसते. म्हणून पेनड्राइव्हवर आपली चित्रं न्यावीत: नुसती काळी, पांढरी, लाल, हिरवी, निळी अशी पाच आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सोळा करड्या पट्ट्यांचं एक. साधी जेपीईजी फाइल बरी, प्रोग्रेसिव्ह जेपीईजी (उघडताना टप्प्याटप्प्याने स्पष्ट होणारी) काही प्लेअर उघडतच नाहीत.

खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. जुन्या सात इंची स्क्रीनवर ३,३६,९६० असं छापलेलं असतं, ते लाल-हिरवे-निळे ठिपके सुटे मोजून. खरे पिक्सेल ४८० × २३४, म्हणजे त्याच्या एक तृतीयांश. आपल्याकडच्या पाल (PAL, आपली टीव्हीची पद्धत) डीव्हीडीचं चित्र ७२० × ५७६ चं, त्यामुळे सबटायटलची अक्षरं दातेरी दिसणारच. ८०० × ४८० ची मिळत असेल तर तीच घ्या.

सुरुवात पट्ट्यांपासून. काळ्या टोकाच्या दोन-तीन पट्ट्या एकच वाटल्या तर ब्राइटनेस थोडा वाढवा, पांढऱ्या टोकाच्या मिसळल्या तर कॉन्ट्रास्ट उतरवा. दोन्ही करूनही सुटत नसतील, तर रात्रीच्या प्रसंगांत काळ्या केसांचा नुसता गोळा दिसेल.

मग मऊ कापडाने काच पुसून रंगांची चित्रं लावा. पुसून हलतो तो धुळीचा कण. पांढऱ्यावर काळाच राहणारा ठिपका मेलेला पिक्सेल, काळ्यावर लाल किंवा हिरवा चमकणारा अडकलेला. अडकलेला कधीकधी सुटतो, मेलेला नाही. अंगठ्याने दाबून बघण्याचा मोह आवरा, पॅनेलवर कायमचा डाग पडू शकतो. काळं चित्र अंधारात बघा, दुकानात जमत नसेल तर खोकं आडवं धरून त्यात. सगळीकडे सारखी पुसट उजळी एलसीडीत असायचीच. एका कोपऱ्यातून पांढरा फराटा येत असेल तर पॅनेल चौकटीत दाबलं गेलंय.

बघण्याचा कोन फार जण तपासत नाहीत, आणि नंतर पस्तावतात. टीएन पॅनेल (एलसीडीचा एक स्वस्त प्रकार) खालून बघितलं की चेहरे फोटोच्या निगेटिव्हसारखे उलटतात. गाडीत पुढच्या सीटमागे प्लेअर टांगणार असाल तर मागे बसलेलं मूल खालूनच बघणार. तेव्हा दुकानातच तेवढं खाली वाकून बघा.

अडॅप्टर काढून दहा मिनिटं बॅटरीवर चालवा. बरेच प्लेअर बॅटरीवर बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, मंद करतात. चित्रपटाच्या शेवटी वर सरकणारी नावं लावा. अक्षरांमागे सावली ओढली जात असेल तर पॅनेल संथ आहे.

जुना प्लेअर घेताना, चित्र चालू ठेवून स्क्रीन बिजागरीवर सावकाश उघडा, मिटा, फिरवा. एखाद्या ठरावीक कोनातच रेषा उमटल्या किंवा चित्र लुकलुकलं, तर बिजागरीतली रिबन केबल (पट्टीसारखी चपटी वायर) तुटत आलीय. मग किंमत कितीही उतरवली तरी तो प्लेअर तिथेच राहू द्या.