नागपूरचे ऊन सोसलेल्यांनी टूसॉनला जाताना

नागपूरहून अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात शिकायला निघालेल्या मुलामुलींना घरची मंडळी एकच धीर देतात, की ज्याने नवतपा काढला त्याला वाळवंटाचे काय भय. हा धीर निम्मा खरा आहे. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते, तर ॲरिझोना विद्यापीठ ज्या टूसॉन शहरात आहे तेथील उच्चांक जून १९९० मधील ४७.२ अंशांचा आहे. म्हणजे पाऱ्याच्या बाबतीत आपण कुठेही कमी नाही. मात्र नागपूरच्या कोणत्या सवयी तिथे जशाच्या तशा उपयोगी पडतात आणि कोणत्या ऐन वेळी दगा देतात, हे निघण्यापूर्वीच समजून घेतलेले बरे.

सर्वांत आधी घराचा विचार करावा. विद्यापीठाच्या आसपासच्या जुन्या भाड्याच्या घरांपैकी काहींमध्ये एसी नसून छतावर बसवलेला कूलर असतो. त्याला तिकडे ‘स्वॅम्प कूलर’ म्हणतात आणि त्याचे काम आपल्या वाळ्याच्या ताट्या लावलेल्या कूलरसारखेच चालते. मे-जूनमध्ये तेथील हवा इतकी कोरडी असते की दुपारची आर्द्रता पुष्कळदा पंधरा टक्क्यांच्याही खाली जाते, त्यामुळे त्या दिवसांत हा कूलर झकास चालतो आणि वीजही कमी खातो. पलीकडची खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते, हे नागपूरकराला कोणी शिकवण्याची गरज नाही. खरी अडचण त्यापुढे येते. टूसॉनलाही पावसाळा असतो, त्याला तिथले लोकही ‘मॉन्सून’च म्हणतात, आणि तेथील हवामान खाते तो १५ जून ते ३० सप्टेंबर असा धरते. जुलै लागला की हवेत ओल येते, कूलर नुसता दमट वारा फेकू लागतो आणि मृग लागल्यानंतर आपल्याकडे जी चिकचिक होते तीच तिथे सुरू होते. बहुतेक विद्यार्थी ऑगस्टमध्ये पोहोचतात, म्हणजे नेमके याच दिवसांत. म्हणून घर ठरवताना ‘थंडाव्याची सोय आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. एसी आहे की कूलर, हे घरमालकाला स्पष्ट विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. भाडे थोडे अधिक पडले तरी एसीचे घर घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण नव्या देशातले पहिले महिने झोपेविना काढणे फार महागात पडते. करार बारा महिन्यांचा असेल आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही नागपूरला येणार असाल, तर त्या काळात खोली दुसऱ्याला देता येईल का, हेही सही करण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

उन्हाची तऱ्हाही वेगळी आहे. आपल्याकडे घामाने सदरा पाठीला चिकटला की माणूस आपोआप सावली शोधतो. टूसॉनच्या जूनमध्ये घाम अंगावर दिसण्याआधीच उडून जातो, कपडे कोरडेच राहतात आणि तहान लागेपर्यंत शरीरातले पाणी बरेच कमी झालेले असते. त्यामुळे तहानेची वाट न पाहता पाणी पीत राहावे आणि सोबत मीठ पोटात जाईल असे पाहावे. ओआरएसची पाकिटे बॅगेत असावीत. ताकाची सवय असलेल्यांनी दुकानातले ‘बटरमिल्क’ आणून फसू नये. ते दाटसर आणि मुख्यतः केक-बिस्किटांसाठी असते, त्यापेक्षा साधे दही आणून घरीच घुसळावे. नळाचे पाणी पिण्यास योग्य असते, पण जड असल्याने किटलीत पांढरा थर बसतो, त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. तोंडाला दुपट्टा गुंडाळून गाडीवर निघण्याची आपल्या मुलींची रीत तिथेही शहाणपणाचीच ठरते. मुलांनी निदान रुंद काठाची टोपी आणि पूर्ण बाह्यांचे पातळ सुती सदरे येथूनच न्यावेत. डोंगरात फिरायला जायचे असल्यास सूर्योदयालाच निघावे आणि निम्मे पाणी संपले की, शिखर कितीही जवळ दिसत असले तरी, माघारी फिरावे.

विद्यापीठ आणि शहराचा मध्यभाग यांना जोडणारी ट्राम २०१४ पासून सुरू आहे. तरीही पुष्कळ विद्यार्थी सायकल घेतात आणि तिथे एक जुना ओळखीचा शत्रू भेटतो. आपल्या शेताच्या बांधावर पायात रुततो तोच सराटा टूसॉनच्या रस्त्यांच्या कडेला पसरलेला असतो, आणि त्याचे काटे टायरमधून थेट ट्यूबपर्यंत पोहोचतात. सायकल घेताना ट्यूबमध्ये छिद्र बुजवणारे द्रव्य भरून घ्यावे आणि मोकळ्या मैदानातून सायकल मारू नये. ‘चोया’ नावाच्या निवडुंगाचे बोंड नुसत्या स्पर्शानेही कपड्याला चिकटते. ते हाताने ओढायला गेल्यास बोटांतच घुसते, म्हणून सोबत रुंद दातांचा कंगवा ठेवावा आणि त्याच्या दातांत बोंड अडकवून झटक्यात दूर उडवावे. बूट घालण्यापूर्वी झटकावेत, कारण विंचू तिथेही आहेत.

पावसाच्या बाबतीत मात्र नागपूरकराने आपला अनुभव बाजूला ठेवावा. आपल्याकडे वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, टूसॉनला तीनशेही पडत नाही, आणि म्हणूनच माणूस गाफील राहतो. वर्षभर कोरडे असलेले ओढे, ज्यांना तिथे ‘वॉश’ म्हणतात, दूर डोंगरावर पडलेल्या सरीने काही मिनिटांत भरून वाहतात, तेव्हा डोक्यावर कदाचित निरभ्र आकाश असते. पाणी वाहत असलेल्या रस्त्यावर गाडी घालू नये. अडथळे लावून बंद केलेल्या अशा रस्त्यावर शिरून कोणी अडकल्यास सुटकेचा खर्च त्याच्याकडून वसूल करण्याची तरतूद ॲरिझोनाच्या कायद्यात आहे. धुळीचे वादळ आल्यास गाडी रस्त्यापासून शक्य तितकी दूर घ्यावी, सर्व दिवे बंद करावेत आणि ब्रेकवरून पाय काढावा, म्हणजे मागून येणारा तुमच्या लाल दिव्याचा माग धरून येऊन धडकत नाही.

डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा चार-पाच अंशांपर्यंत आणि क्वचित शून्याखालीही जातो, तेव्हा वाळवंट म्हणून गरम कपडे घरी ठेवून जाऊ नये. ॲरिझोनाच्या बहुतेक भागात घड्याळे ऋतूनुसार पुढेमागे करत नाहीत, म्हणून नागपूर वर्षभर साडेबारा तास पुढेच असते. फोनची वेळ एकदा ठरली की ठरली.

एक आजार मात्र आई-वडिलांनीही लक्षात ठेवावा. तेथील मातीत एक बुरशी असते, ती धुळीबरोबर श्वासातून फुप्फुसात जाते आणि काहींना ‘व्हॅली फीव्हर’ होतो. ताप, खोकला आणि कमालीचा थकवा आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. तो एकाकडून दुसऱ्याला होत नाही आणि बहुतेकांना आपोआप बरे वाटते, तरी खोकला लांबल्यास विद्यापीठाच्या दवाखान्यात जाऊन याच तपासणीविषयी विचारावे. सुट्टीत नागपूरला आल्यावर असा खोकला सुरू झाल्यास डॉक्टरांना आपण ॲरिझोनात राहतो हे पहिल्याच भेटीत सांगावे, कारण छातीच्या एक्स-रेमध्ये याची सावली क्षयरोगासारखी दिसू शकते आणि आपल्याकडे डॉक्टरांच्या मनात आधी क्षयच येतो.